टोपण हरवलेली काठी

आत्याच्या एकोणीस वर्षांच्या मेहनतीवर मी एका संध्याकाळी, समोरचा चहा निवायच्या आत, पाणी फिरवलं. तेही कुणी सांगितलेलं नसताना.

झालं असं, की तिच्या दारामागे दोन काठ्या उभ्या असतात. दोन्ही दीड मीटरच्या, वरून खालपर्यंत अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या. मी चहाचा कप हातात घेऊन बसले होते आणि मला वाटलं, डावी काठी जराशी बुटकी दिसतेय. माझ्या पर्समध्ये मोजपट्टी असते. आत्या साखरेचा डबा शोधत होती तेवढ्यात मी दोन्ही काठ्या मोजल्या. एक दीडशे सेंटिमीटर. दुसरी एकशे एकोणपन्नास.

एका सेंटिमीटरने कुणाचं काय बिघडतं? आत्याचं सगळंच बिघडत होतं.

आत्या भूगोल शिकवायची. शाळेतून निवृत्त व्हायच्या आधीपासून ती दर पंधरा दिवसांनी, मोठ्या ओहोटीच्या दिवशी, समुद्राजवळच्या भिंतीसमोरची पुळण मोजते. भिंत तीनशे मीटर लांब आहे, लाटांपासून रस्ता वाचवायला वीस वर्षांपूर्वी बांधलेली. भिंतीच्या पायरीत एक पितळी खिळा ठोकलाय. तिथे पहिली काठी उभी करायची. दोन मीटरची दोरी ताणून दुसरी काठी समुद्राच्या बाजूला धरायची. मागच्या काठीला डोळा असा लावायचा, की पुढच्या काठीचं टोक बरोबर क्षितिजाला टेकलेलं दिसेल. ती नजरेची रेघ मागच्या काठीला जिथे कापते, तिथली खूण वाचायची. वरच्या टोकापासून तेवढे सेंटिमीटर वाळू या दोन मीटरांत उतरली. मग पुढचा टप्पा. चाळीस टप्प्यांत पाण्याची कड येते. चाळीस आकड्यांची बेरीज केली की पुळण एकूण किती उतरली ते कळतं. याला ना वीज लागते, ना परवानगी.

पहिल्या वर्षी बेरीज होती तीनशे वीस. यंदा तीनशे सहासष्ट. म्हणजे पाण्याच्या कडेची वाळू शेहेचाळीस सेंटिमीटर खाली गेली होती. लाट भिंतीवर आपटते, परतताना वाळू घेऊन जाते आणि उतार दरवर्षी थोडा उभा होत जातो. हे सांगणारा जगात एकच पुरावा होता, आत्याच्या पत्र्याच्या पेटीतल्या अकरा वह्या.

आणि त्या वह्या त्या आठवड्यात फार महत्त्वाच्या होत्या. मी ज्या किनारा विभागात चार महिन्यांपूर्वी नोकरीला लागले, तिथेच ही भिंत आणखी सहाशे मीटर वाढवायचा प्रस्ताव आला होता, थेट होड्या ओढून ठेवतात त्या वाळूपर्यंत. येत्या सोमवारी सभा होती. सभेपुढे ठेवायचा अहवाल मी लिहीत होते. ऑफिसच्या स्वतःच्या मोजण्या तीन. तिन्ही शांत हवेतल्या आणि तिन्ही भिंत नसलेल्या भागातल्या. त्यांचं म्हणणं, वाळू स्थिर आहे. म्हणजे भिंत नसलेली वाळू ठणठणीत आहे असं दाखवून तिथे भिंत बांधायची. हे वाचताना मला खुदकन हसू आलं होतं. भिंतीसमोरच्या वाळूचं काय होतं, हे फक्त आत्याच्या वह्या सांगत होत्या आणि मी त्या अहवालात घातल्या होत्या. पाच पानं, एक आलेख.

आता हिशेब सोपा होता. बुटकी काठी पुढे धरली, की तिचं टोक एक सेंटिमीटर खाली असणार. प्रत्येक टप्प्यात उतार एक सेंटिमीटर जास्त वाचला जाणार. टप्पे चाळीस. चाळीस सेंटिमीटर खोटे.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. चूक सापडली की दुसऱ्याने काढायच्या आत आपण सांगावी, हे मला लहानपणी शिकवलं होतं. आत्यानेच.

साहेब म्हणजे आमचे मुख्य अभियंता. ही भिंत त्यांनी तरुणपणी बांधली होती. त्यांच्या टेबलावर काचेखाली तिचा फोटो आहे, बायकामुलांच्या फोटोशेजारी. त्यांनी पेन्सिल घेऊन माझ्याच कागदाच्या कोपऱ्यात वजाबाकी केली.

"शेहेचाळीस वजा चाळीस. सहा. एकोणीस वर्षांत सहा सेंटिमीटर. याला काय म्हणतात?"

"स्थिर," मी म्हणाले.

"शाब्बास. ती पाच पानं काढ. आणि हे तू स्वतः येऊन सांगितलंस ते बरं केलंस. सभेत कुणी काढलं असतं तर आपली लाज गेली असती."

"सर, लेव्हलची दुर्बीण लावून आत्याची रेघ एकदा मोजता येईल. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"लेव्हल दुरुस्तीला गेलंय. महिना लागेल. सोमवारच्या आत येत असेल तर डोक्यावर घेऊन ये." मग जरा नरमून म्हणाले, "तुझी आत्या आहे, कळतंय मला. पण हौस वेगळी, मोजणी वेगळी."

त्यांनी नव्या कागदावर चार ओळी लिहून माझ्यापुढे सरकवल्या. 'स्थानिक वह्यांतील मोजण्या सदोष काठ्यांमुळे ग्राह्य धरलेल्या नाहीत. या काठ्यांनी चाळीस टप्प्यांत चाळीस सेंटिमीटरची चूक येते.' खाली त्यांची सही होती आणि माझ्या सहीसाठी जागा. मी म्हणाले, शुक्रवारी करते. का म्हणाले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

आत्याला सांगायला गेले तर टपालबाई बसलेल्या. या तिच्या मोजणीतल्या जोडीदारीण. तीस वर्षं गावभर पत्रं वाटली, आता गुडघे दुखतात, तोंड दुखत नाही. माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी 'दशांश' ठेवलं होतं.

"आली बघा दशांश. तोंड का असं? पॉइंटनंतरचं काही सांडलं का वाटेत?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आत्या शांतपणे ऐकत होती. ती शांत झाली की मला अजूनही चौथीच्या वर्गात उभं केल्यासारखं वाटतं.

"तू माझी काठी मोजलीस?"

"हो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काठी लांब झाली असती का?"

टपालबाईंना ठसका लागला. आत्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्या काठीच्या बुडाचं पितळी टोपण पडलं वाळूत. तेरा वर्षं झाली. तेव्हापासून लाकूड झिजतंय. सहाव्या वहीत लिहिलंय मी, तारखेसकट. लपवलं नाहीये."

"मग बदलली का नाही?"

"कशाला? चालतंय की."

हे 'चालतंय की' ऐकून माझं डोकंच फिरलं. "आत्या, असं नाही चालत! एक सेंटिमीटर गुणिले चाळीस. तुझ्या सगळ्या मेहनतीतून सहा सेंटिमीटर उरतात. मोजणी म्हणजे काय अंदाजपंचे..."

"आवाज खाली," आत्या म्हणाली. "मी ती वाळू रोज बघते. पहिल्या वर्षी पायरीवरून वाळूवर नुसतं पाऊल टाकायचे. आता लाटांनी पायरीच्या बुडाशीच खड्डा खणलाय, पायरीखालचा दगड उघडा पडलाय, त्याच्यावरून उडी मारावी लागते. तुझ्या साहेबांना सांग, सहा सेंटिमीटरची उडी मारून दाखव म्हणावं."

"ते पायरीजवळचं झालं. पाण्याच्या कडेचं काय? माझ्याकडे आकडा नाहीये."

"नाही ना? मग आण." तिने खुंटीवरची दोरी काढून टेबलावर ठेवली. "वह्या काढल्या म्हणून समुद्र मोजायचा थांबत नाही. शुक्रवारी ओहोटी सातला आहे. आम्ही दोघी जाणार. तुला यायचं तर ये, नाहीतर सही करत बस."

शुक्रवारी सकाळी मी पावणेसातला भिंतीवर हजर होते. खरं सांगायचं तर मी त्यांना मोजताना एकदाही पाहिलं नव्हतं. बाबांच्या बदल्यांमुळे आम्ही कायम दूरच्या गावांत राहिलो आणि इथे आल्यापासून मला वह्याच इतक्या आवडल्या होत्या, की त्या कशा भरतात हे पाहायचं राहून गेलं. पुस्तकात ही पद्धत चित्रासकट होती. एक माणूस पुढे, एक मागे. दोघेही दोन-दोन मीटर सरकत जातात. मला वाटलं, यात आणखी पाहायचं काय?

आत्या खिळ्यापाशी उभी राहिली. टपालबाई बुटकी काठी घेऊन दोन मीटर पुढे. आत्याने डोळा लावला.

"साडेदहा."

तिने गळ्यातल्या वहीत आकडा लिहिला. मग वही गळ्यातून काढली, काठी उचलली, चालत टपालबाईंपाशी आली, वही त्यांच्या गळ्यात अडकवली आणि त्यांना ओलांडून दोन मीटर पुढे जाऊन उभी राहिली. टपालबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी आपल्या काठीला डोळा लावला.

"आठ. काठी सरळ धर गं, झोपलीस का?"

मग टपालबाई निघाल्या, वही आत्याच्या गळ्यात, आत्याला ओलांडून पुढे.

"थांबा!" मी ओरडले. "हे काय करताय तुम्ही?"

दोघी थांबल्या. "मोजतोय," टपालबाई म्हणाल्या. "डोळे तपासून घे."

"असं ओलांडून का जाता? एकीने पुढेच राहायचं, एकीने मागे. तसं असतं."

"कुठे असतं?"

"पुस्तकात!"

"हो का?" टपालबाईंनी काठी वाळूत रोवली. "पहिल्या दिवशी तुझी आत्या म्हणाली, मी क्षितिज बघणार आणि तुम्ही पुढे काठी धरून उभ्या राहा. म्हटलं, बाई गं, मी काय खांब आहे? मला पण बघायचंय. अर्धा तास भांडलो. पाणी चढायला लागलं तेव्हा ठरलं, एकदा तू बघ, एकदा मी. एकोणीस वर्षं तसंच."

"भांडलो नाही," आत्या म्हणाली. "चर्चा केली."

मी ओल्या वाळूत बसले. पँट भिजली ते नंतर कळलं. पहिल्या टप्प्यात बुटकी काठी पुढे, आकडा एक सेंटिमीटर जास्त. दुसऱ्या टप्प्यात बुटकी काठी मागे, आकडा एक सेंटिमीटर कमी. जास्त, कमी, जास्त, कमी. चाळीस टप्पे म्हणजे वीस जोड्या. बेरजेत काहीच उरत नाही. विषम आकड्यावर थांबल्या असत्या तरी उरला असता एक सेंटिमीटर.

"आत्या, वही दे."

"ओली करशील."

"दे गं!"

मी मागच्या ओहोटीचं पान उघडलं. साडेदहा, आठ, दहा, आठ, साडेदहा, साडेआठ. करवतीचे दात. हे दात मी आधी पाहिले होते. आलेख काढताना ते मला घाणेरडे वाटले होते. म्हटलं, या दोघी घाईत वाचत असणार, म्हणून मी शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी काढून रेघ गुळगुळीत करून घेतली. ती रेघ दिसायला फार सुंदर आली होती. पुरावा समोर होता आणि मीच त्याला इस्त्री करून टाकली होती.

मी धावत आत्याच्या घरी जाऊन सहावी वही काढली. टोपण पडलं त्या तारखेच्या आधी: आठ, आठ, साडेआठ, आठ. एकही दात नाही. नंतरच्या वहीत बारीक दात सुरू. दहाव्या वहीत मोठे. काठी झिजत गेली तसे दात वाढत गेले आणि बेरीज आपली वाट सोडत नव्हती. हे आकडे कुणाला मागाहून बनवता आले नसते, कारण असं काही होतंय हेच लिहिणाऱ्या दोघींना ठाऊक नव्हतं.

शेहेचाळीस. शेहेचाळीसच.

साडेअकराला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सही?" त्यांनी हात पुढे केला.

"सर, वह्या बरोबर आहेत." मी करवतीचे दात काढून दाखवले. त्यांनी ते पाहिले, असं मी म्हणणार नाही. पोराला ताप आल्यावर आईबापांचा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"परवा म्हणालीस चूक आहे. आज म्हणतेस नाही. सोमवारी काय म्हणशील?"

मी वही मिटली. मग काचेखालच्या फोटोकडे लक्ष गेलं.

"सर, भिंतीचा माथा किती सपाट आहे?"

"म्हणजे?"

"एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उतार आहे का?"

साहेब खुर्चीत ताठ झाले. "तीनशे मीटरमध्ये दोन सेंटिमीटर. मी स्वतः तपासलंय, गेल्याच वर्षी. वाटी भरून ठेव, पाणी हलणार नाही."

"मग मला तुमची भिंत मोजायचीय. तुमच्यासमोर."

भिंतीवर कुणी बोट ठेवलं की ते जेवण सोडून येतात, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

किनारा पुढे आत वळतो, त्यामुळे भिंतीच्या माथ्यावर उभं राहून सरळ पाहिलं की समोर समुद्र आणि क्षितिज दिसतं. आत्या आणि टपालबाई माझ्या निरोपावरून काठ्या घेऊन आल्या होत्या. साहेबांनी दोघींना नमस्कार केला. आत्याने केला नाही.

"पहिल्यांदा पुस्तकात आहे तसं," मी म्हणाले. "टपालबाई, तुम्ही बुटकी काठी घेऊन कायम पुढे."

"खांब," त्या पुटपुटल्या, पण उभ्या राहिल्या. चाळीस टप्पे. आत्या वाचत होती, मी लिहीत होते, साहेब प्रत्येक आकडा वाकून पाहत होते. बेरीज एक्केचाळीस.

"बघा," साहेब म्हणाले. "माझ्या सपाट भिंतीला एक्केचाळीस सेंटिमीटर उतार! मी काय लिहिलं होतं?"

"बरोबर लिहिलं होतं. आता या दोघी खरोखर मोजतात तसं."

पुन्हा त्याच जागेवरून. आत्याने वाचलं, "एक." ओलांडून पुढे गेली. आता पुढची काठी उंच, म्हणून टपालबाईंनी आपल्या काठीचं टोक क्षितिजाला लावून पुढच्या काठीवर वाचलं, "उणे एक." आता त्यांच्या आवाजात दम होता. एक, उणे एक, एक, उणे अर्धा. ऊन चढलं होतं. पंचविसाव्या टप्प्याला टपालबाईंचा गुडघा कुरकुरला, तेव्हा साहेबांनी न बोलता त्यांना हात दिला आणि त्यांनी तो न बोलता झटकला.

बेरीज, दीड सेंटिमीटर.

वारा वाहत होता. साहेबांनी माझ्या हातून कागद घेतला आणि दोनदा बेरीज करून पाहिली. मी त्यांनीच लिहिलेल्या चार ओळी पिशवीतून बाहेर काढल्या.

"सर, तुम्ही लिहिलंय, या काठ्यांनी चाळीस टप्प्यांत चाळीस सेंटिमीटरची चूक येते. आत्ता त्याच काठ्या होत्या, टप्पेही तेवढेच होते. मग या दीड सेंटिमीटरमध्ये ते चाळीस धरायचे का? धरले तर तुमची भिंत साडेअडतीस सेंटिमीटर चढती आहे. नाही धरले तर वह्या बरोबर आहेत. यातलं कोणतं लिहू?"

"तू मला माझ्याच भिंतीवर उभं करून..." ते थांबले.

"तुम्हीच म्हणालात ना, ती सपाट आहे."

त्यांनी खाली पाहिलं. पायरीखालचा उघडा दगड तिथून स्पष्ट दिसत होता. भिंत बांधताना तो त्यांनी वाळूत गाडला होता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"पाच पानं परत घाल," ते शेवटी म्हणाले. "पण मी खाली सही करणार नाही. सभेत भिंत हवी असणारे बरेच आहेत. त्यांनी विचारलं तर हा तुझा निष्कर्ष असेल, विभागाचा नाही. एकटीच्या सहीवर जाईल. नोकरीला चार महिने झालेत तुझ्या. विचार कर."

"झाला करून."

"अजून वेळ आहे."

"सर, पेन देता का?"

त्यांनी खिशातलं पेन दिलं. मी भिंतीच्या माथ्यावरच कागद ठेवला. चार ओळींवर रेघ मारली, खाली लिहिलं की काठीतली चूक मी सांगितली होती, ती काठीत आहे, बेरजेत नाही, आणि आलेख गुळगुळीत करण्याची चूक माझी आहे. मग सही केली. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून टपालबाईंनी त्याच्यावर बुटकी काठी टेकवून धरली होती, त्यामुळे सहीशेजारी काठीच्या बुडाचा एक मळका गोल डाग पडला. साहेब म्हणाले, नव्या कागदावर करून आण. मी म्हणाले, नाही, हाच जाईल.

ते गेल्यावर आत्या काठ्यांना दोरी गुंडाळत होती. माझ्याशी अजून नीट बोलली नव्हती.

"नवीन टोपण बसवून आणते मी," मी म्हणाले. "उद्याच."

"खबरदार. आता त्या काठीला हात लावायचा नाही. सोमवारी सभेत तीच घेऊन जायची." तिने दोरी माझ्या हातात दिली. "आणि पंधरा दिवसांनी ओहोटी सव्वासातला आहे. हिचे गुडघे काही चाळीस टप्पे चालत नाहीत आता."

"कोण म्हणालं?" टपालबाई म्हणाल्या. "मी येणार. दशांशला पाहिजे तर काठी धरू दे."

"मी नुसती काठी धरणार नाही," मी म्हणाले. "मला पण बघायचंय."

मग तिघी भांडत भांडत भिंतीवरून खाली उतरलो. शेवटच्या पायरीवरून उडी मारताना टपालबाईंनी माझा खांदा धरला, आणि मी मोजपट्टी काढून ती उडी मोजून घेतली. बावन्न सेंटिमीटर.